पायावर किती भार द्यायचा, ते कागदावर मराठीत लिहून द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : पायाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मिळणाऱ्या लेखी सूचना

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. पायाचे हाड मोडून रॉड किंवा प्लेट टाकून घरी आलेल्या रुग्णांना पुन्हा उभे करणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. मराठवाड्यात हाडांच्या शस्त्रक्रियांची सोय पूर्वीच्या मानाने पुष्कळ वाढली आहे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालये येथे अवघड शस्त्रक्रिया होतात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शेत विकल्याशिवाय मजुराचाही पाय दुरुस्त होतो. याचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे. मात्र रुग्ण घरी निघताना त्याच्या हाती जो कागद पडतो, त्यावरून पायाने काय करायचे आणि काय टाळायचे हे घरच्यांना कळत नाही. गोळ्यांची नावे असतात, टाके काढण्याची तारीख असते, आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात इंग्रजी आद्याक्षरांत एवढेच लिहिलेले असते की भार द्यावा किंवा देऊ नये. ती अक्षरे वाचता येणारे घरात कोणी नसते. मग वॉर्डातून बाहेर पडताना घाईत कानावर पडलेले 'पाय टेकवू नका' हे एक वाक्य पुढचे कित्येक महिने घर चालवते.

या एका वाक्याने दोन्ही बाजूंनी नुकसान होताना मी पाहतो. ज्यांनी पाय टेकवायलाच हवा, ते महिनोन् महिने बाजेवर पडून राहतात, आणि ज्यांनी काही आठवडे टेकवायला नको, ते दुखणे कमी झाले की शेताची वाट धरतात. पहिल्यांना वाटते की आपण डॉक्टरांचे ऐकत आहोत, दुसऱ्यांना वाटते की हाड जुळले. दोघांनाही कोणी नीट सांगितलेले नसते, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

पायावर भार किती द्यायचा, हे मोडलेले हाड कोणते, ते कसे मोडले आणि कशाने जोडले यावर ठरते. मांडीचे हाड मधोमध मोडले आणि त्याच्या पोकळीत रॉड बसवला, तर तो रॉड हाडाच्या मधून भार वाहतो. अशा रुग्णाला अनेकदा लवकरच, सोसेल तेवढा भार देऊन चालवले जाते. गुडघ्याखालचे हाड सांध्याच्या तोंडाशी फुटले असेल, तर गोष्ट वेगळी असते. तेथे कूर्चेखालचे तुकडे उचलून पूर्ववत जागेवर बसवलेले असतात. त्यांच्यावर लवकर वजन पडले, तर ते पुन्हा खचतात, सांध्याचा पृष्ठभाग वरखाली होतो आणि पुढे तो गुडघा झिजतो. म्हणून अशा मोडीत साधारण सहा ते बारा आठवडे भार देऊ देत नाहीत. विहिरीच्या कामावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडणाऱ्यांच्या टाचेचे हाड फुटते, तेथेही बहुधा असाच धीर धरावा लागतो. घोट्याच्या बाबतीत मात्र अलीकडे विचार बदलू लागला आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी भार द्यायला लागलेले रुग्ण सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, असे तीत दिसले. पण त्या चाचणीतही प्रत्येक प्रकारचा मोडलेला घोटा घेतलेला नव्हता, तेव्हा आपल्या पायाचा निर्णय ज्याने तो उघडून पाहिला त्या शल्यचिकित्सकाचाच असतो. माझे म्हणणे इतकेच आहे की त्याने केलेला निर्णय रुग्णापर्यंत पोचला पाहिजे.

घरी बसून ज्यांना प्रश्न पडतो की भार दिल्याने हाड बिघडते की सुधारते, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की हाड त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलते. भार मिळाला की ते घट्ट होते, भार काढला की विरळ होते. त्यामुळे भार हे हाडाचे अन्नही आहे आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या प्रमाणात दिला तर त्याचा घातही आहे. दुसऱ्या बाजूला आत बसवलेला धातू कायमचा भार वाहण्यासाठी बनवलेला नसतो. रोज हजारो पावलांचे वाकणे सोसून धातूही थकतो. हाड वेळेत जुळले, तर तो भार हळूहळू हाडाकडे जातो. नाही जुळले, तर एक दिवस प्लेट तुटते किंवा स्क्रू सैल होतो. तंबाखू, गुटखा आणि आमच्या भागातल्या बायकांची मिश्री यांतले निकोटिन हाडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटवते आणि जुळायला उशीर लावते, हे फार थोड्या घरांत सांगितले जाते.

भाराच्या पायऱ्या साधारण पाच मानल्या जातात. पहिल्या पायरीत पाऊल जमिनीला लावायचेच नाही. दुसरीत ते तोल सांभाळण्यापुरते नुसते टेकवायचे. तिसरीत ठरवून दिलेल्या किलोंपर्यंत भार द्यायचा, चौथीत सोसेल तेवढा, आणि पाचवीत पूर्ण. यातली दुसरी पायरी समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. मी रुग्णाला म्हणतो, पायाखाली भाजलेला पापड आहे असे समजा आणि तो न मोडता पाऊल ठेवा. बहुतेकांना लगेच कळते. काहींचा आग्रह असतो की त्यापेक्षा पाय वर धरलेलाच बरा. पण खुब्याच्या किंवा कटीच्या हाडाच्या मोडीत पाय अधांतरी धरला की त्याला तोलून धरण्यासाठी खुब्याभोवतालचे स्नायू ताणले जातात आणि सांध्यावर उलट जास्त दाब येतो. तेथे पाऊल हलके टेकवणे हेच अधिक सुरक्षित असते. ही गोष्ट कोणालाही स्वतःच्या तर्काने सुचणारी नाही, म्हणूनच ती लिहून द्यावी लागते.

तिसरी पायरी, म्हणजे ठरावीक किलोंचा भार, ही अंदाजाने शिकवता येत नाही. त्यासाठी काटा लागतो. गावात वजनाचा छोटा काटा नसला, तर किराणा दुकानातला धान्य मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. रुग्णाने वॉकर धरून उभे राहायचे, दुखरा पाय काट्यावर आणि चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवायचा, आणि पंधरा किलो ठरले असतील, तर काट्यावर पंधराचाच आकडा दिसेपर्यंत हळूहळू पाय दाबायचा. मग डोळे मिटून तेच पुन्हा करायचे. पहिल्यांदा बहुतेकांचा आकडा वीस, पंचवीस, कधी तीसपर्यंतही जातो, आणि त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटते. साठ किलोंच्या माणसाने पंधरा किलो देणे म्हणजे चौथाई वजन देणे. ते अंगात भिनायला काही दिवसांचा सराव लागतो. वॉर्डात हा सराव करून घेतला, तर घरी आल्यावर चुका कमी होतात. तो करून घेतला जात नाही, कारण त्यासाठी माणूस आणि वेळ दोन्ही लागतात.

आता वयस्कर माणसांविषयी. माझ्याकडे येणाऱ्यांत खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. ओल्या मोरीत पाय घसरतो, रात्री उठताना उंबरा लागतो, आणि कटीखाली मोड होते. शस्त्रक्रिया होते, रॉड किंवा कृत्रिम सांधा बसतो, आणि मग घरचे त्यांना जपतात. हे जपणे मनापासून असते, पण तेच त्यांना मारते. खुब्याच्या मोडीनंतर एका वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण जगभर साधारण २० ते ३० टक्के सांगितले जाते. त्यातला बराच वाटा छातीतल्या संसर्गाचा, पायात गोठणाऱ्या रक्ताचा, पाठीवर पडणाऱ्या जखमांचा आणि आधीच्या आजारांचा असतो, आणि अंथरूण यातल्या बहुतेकांना वाढवते. पूर्ण अंथरुणावर पडलेल्या माणसाची स्नायूंची ताकद आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हातारपणी आधीच थोडी उरलेली असते, त्यातून ती जाते.

म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी २०११ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की वैद्यकीय अडचण नसेल, तर खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला फिजिओथेरपिस्टने उठवावे आणि पुढे रोज किमान एकदा चालवावे. आपल्याकडचे बहुतेक अस्थिरोगतज्ज्ञही हेच मानतात. या वयात काट्याने मोजून भार देणे जमत नाही, म्हणून तेथे सोसेल तेवढा भार देऊ देण्याकडेच कल असतो, आणि असे दिसून आले आहे की म्हातारी माणसे दुखेल त्या प्रमाणात स्वतःच भार कमी ठेवतात. तरीही आजी घरी येतात तेव्हा त्यांची सून मला सांगते, "डॉक्टरनी सांगितलंय, पाय अजिबात टेकायचा नाही म्हनून." कागद पाहतो तर त्यावर सोसेल तेवढा भार द्यावा असेच लिहिलेले असते, इंग्रजीत. शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्याच रुग्णाला दिलेली सूचना आपली समजून घरी नेलेली असते. आजींना उठवायला घेतले, तर घरातल्या चार माणसांचे चेहरे बदलतात. मी त्यांना समजावतो की खाटेवर शौचाचे भांडे घेण्यासाठी कंबर उचलतानाही खुब्याच्या सांध्यावर बराच भार येतो, कधीकधी आधाराने चालण्याइतका. मग ते पटते, पण तोवर दोन-तीन आठवडे वाया गेलेले असतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या शरीराला ते भरून काढणे फार जड जाते.

शौचालयाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. खेड्यांतली शौचालये उकिडवे बसायची असतात आणि खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे बऱ्याचदा वर्ज्य असते. कमोडची खुर्ची घरात येत नाही तोवर आजी पाणी कमी पितात, जेवणही कमी करतात, म्हणजे उठावे लागणार नाही. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, ठरावीक उत्पन्नमर्यादेतल्या व्यक्तींना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. त्यात वॉकर, काठी आणि कमोडची खुर्ची येते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. घरी निघणाऱ्या रुग्णाला वॉर्डातच या दोन योजनांची माहिती आणि अर्ज मिळाला, तर किती बरे होईल.

दुसरी बाजू ऊसतोड कामगारांची आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पावसाळ्यात ज्याचा पाय मोडला, त्याच्यापुढे सप्टेंबर संपताना एकच प्रश्न उभा राहतो, की गेलो नाही तर उचल फेडायची कशी. दुखणे तोवर कमी झालेले असते, जखम भरलेली असते. हाड मात्र पुरते जुळलेले नसते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ऊस तोडायचा म्हणजे दिवसभर वाकून उभे राहायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. नुसत्या चालण्यात पायावर जे पडते, त्याच्या कितीतरी पट भार त्या फळीवर एका पायावर येतो. अशा मोसमातून परतलेल्या माणसाच्या पायात तुटलेली प्लेट मी एक्स-रेवर पाहिली आहे. ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा तितकेच महिने, आणि उचल तशीच डोक्यावर. त्याला कोणी बेजबाबदार म्हणू नये. त्याला जर लिहून दिले असते की अमुक तारखेपर्यंत ओझे उचलायचे नाही, तर तो कागद त्याने मुकादमाला दाखवला असता. तोंडी सांगण्याला मुकादमापुढे किंमत नसते.

मधुमेह असलेल्या रुग्णांबाबत एक इशारा थोडक्यात देतो. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना 'सोसेल तितके चाला' ही सूचना लागू पडत नाही, कारण त्यांना दुखतच नाही. त्यांच्या पावलाची हाडे नकळत मोडून पाऊल विद्रूप होऊ शकते. सूज आणि उष्णता दिसली, दुखत नसले तरीही, ताबडतोब दाखवावे.

वॉकर आणि कुबड्या यांच्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण सूचना बरोबर मिळाली तरी साधन चुकीचे असते. वॉकर बहुधा शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकांकडून आलेला असतो. तो आपल्या उंचीला बसवलेला नसतो. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी मूठ आली पाहिजे आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. खालची रबरी टोपणे झिजून पाइपची कड उघडी पडली, की शहाबादी फरशीवर वॉकर सरकतो. माझ्याकडे आलेल्या एका मावशींच्या वॉकरला चारपैकी एकच टोपण होते आणि उरलेल्या तीन पायांना चिंध्या गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. नवी टोपणे अगदी स्वस्तात मिळतात, पण ती बदलायची असतात हे कोणी सांगितले नव्हते. काखेतल्या कुबड्यांचा भार काखेवर नव्हे, तर हातांवर घ्यायचा असतो. काखेत दाबल्या गेल्या तर हाताची नस दुखावून मनगट लुळे पडू शकते. काठी एकच असेल, तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वाड्यातली किंवा माडीची पायरी रुग्णालयातल्या पायरीपेक्षा उंच असते, तेव्हा शक्य असेल तर निघण्यापूर्वी रुग्णाला जिन्याच्या दोन पायऱ्या चढून-उतरून दाखवायला लावावे.

मग करायचे काय? माझी मागणी अगदी मर्यादित आहे. पायाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतरच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत एक छापील चौकट असावी. तिच्यात कोणता पाय, भाराची कोणती पायरी, किलोंत मोजायचा असेल तर किती किलो, कोणत्या तारखेपर्यंत, कोणते सांधे हलवायचे आणि कोणते नाहीत, ओझे कधीपासून उचलता येईल आणि पुढचा एक्स-रे कधी व कोठे, एवढे हाताने भरायचे असावे. तारीख लिहावी, आठवडे नकोत. 'सहा आठवडे' म्हटले की कोणी शस्त्रक्रियेपासून मोजतो, कोणी घरी आल्यापासून. चौकट भरायला डॉक्टरांना दोन मिनिटे लागतील. वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने आणि आरोग्य विभागाने ती नमुन्यादाखल तयार करून सर्व शासकीय व योजनेतल्या खासगी रुग्णालयांना पाठवावी, अशी विनंती मी आपल्या दैनिकातून करतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याची वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. म्हणजे कागद मागण्याचा अधिकार आहे. प्रश्न फक्त त्या कागदावर समजेल असे काही असण्याचा आहे.

दुसरी विनंती तालुक्याच्या पातळीवरची आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची आणि ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्त्याची कल्पना होती. त्या पदांची मराठवाड्यात आज काय अवस्था आहे, हे लोकप्रतिनिधींनी आपापल्या तालुक्यात जाऊन विचारावे. ही पदे भरून होईपर्यंत गावातल्या आशाताईंना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देता येईल. वॉकरची उंची, टोपणे, काठी कोणत्या हातात, आणि पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे, इतके त्या सहज सांगू शकतील. त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे याची मला जाणीव आहे, म्हणून या कामाचा स्वतंत्र मोबदला असावा.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्यांनी घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना थांबवून विचारावे की पाय टेकवायचा का, किती, कधीपर्यंत, आणि ते कागदावर लिहून घ्यावे. विचारायला संकोच वाटतो, डॉक्टर घाईत असतात, हे सगळे खरे आहे, तरी विचारावे. आणि लिहून मिळेपर्यंत कोणा हाडवैद्याकडून तो पाय चोळून घेऊ नये.

आमच्या भागापुरती एक अडचण राहते. ऊसतोड कुटुंबाच्या पुढच्या एक्स-रेची तारीख येते तेव्हा ते सांगली किंवा बेळगाव जिल्ह्यात उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असते, आणि डिस्चार्ज कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत असते. म्हणून हे कार्ड दोन प्रतींत द्यावे, दुसरी प्रत रुग्णाने सोबत न्यावी, आणि कारखान्यांजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना हंगामापूर्वीच कळवावे की असा कागद घेऊन आलेल्या कामगाराला एक्स-रेसाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे आहे. साखर आयुक्तालय आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून हे ठरवले, तर याच हंगामापासून ते सुरू होऊ शकते.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट
जि. बीड